आषाढीचा साबुदाणा आणि दुकानातलं एआय

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेचारला, फलटणमधल्या एका किराणा दुकानातला साबुदाणा संपला. रिकामं पोतं घडी घालून बाजूला ठेवलं गेलं. त्यानंतर रात्री शटर ओढेपर्यंत गिऱ्हाईक येत राहिलं आणि "संपला हो" ऐकून परत जात राहिलं.

मी दुकानांच्या बिलिंगची आणि स्टॉकची कामं पाहतो. चार दिवसांनी तिथे गेलो, तेव्हा मालकांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. दुकानात नुकतंच एआयवर चालणारं, मालाचा अंदाज सांगणारं सॉफ्टवेअर घेतलं होतं. एकादशीच्या आधीच्या दोन दिवसांसमोर त्यात लिहिलं होतं: साबुदाणा, अंदाज ५८ किलो, विक्री ६० किलो, अचूकता ९७ टक्के.

"हे म्हणतंय, बरोबर आलं," मालक म्हणाले. "मग माझी गिऱ्हाइकं परत का गेली?"

दुकानात एआय कसं आणायचं, असं मला हल्ली बरेच जण विचारतात. मला वाटतं, मालकांच्या या एका प्रश्नात त्याचं निम्मं उत्तर आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

दुकानात साबुदाणा होताच साठ किलो. त्यामुळे साठच्या वर विक्री दिसणं शक्यच नव्हतं. संगणकाला बिल दिसतं. बिल न होता परत गेलेला माणूस त्याला दिसत नाही. विकलं गेलं किती, हे त्याला कळतं. मागितलं गेलं किती, हे कळत नाही. आणि यातलं खरं नुकसान पुढच्या वर्षी होतं. पुढच्या आषाढीला तो मागची नोंद काढून बघणार, ६० सापडणार, आणि तो पुन्हा साठच्या आसपासच सांगणार. एकदा कमी मागवलं की तेच त्याच्या दृष्टीने खरं मागणं ठरतं.

यावर उपाय आहे आणि तो त्याच दुकानात पडलेला असतो. प्रत्येक बिलावर वेळ छापलेली असते. आम्ही बसून बिलं काढली. पहिल्या दिवशी २२ किलो विकला होता. दुसऱ्या दिवशी साडेचारपर्यंत ३८ किलो. आता या दुकानात एरवी दिवसभराच्या विक्रीपैकी साधारण ५५ टक्के विक्री साडेचारपर्यंत होते, बाकीची संध्याकाळी. कारण नोकरीवरून, शेतावरून परतणारी माणसं संध्याकाळीच खरेदीला येतात. मग ३८ किलो हे जर ५५ टक्के धरले, तर पूर्ण दिवसाचे होतात ६९ किलो. त्यात पहिल्या दिवसाचे २२ मिळवले की ९१. सणाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ नेहमीसारखीच असेल असं नाही, तेव्हा ९१ हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. पण ६० पेक्षा तो खऱ्याच्या कितीतरी जवळ आहे.

चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ही दुरुस्ती करायची सोय असते. मात्र त्यासाठी "माल संपला" ही गोष्ट, वेळेसकट, कोणीतरी नोंदवावी लागते. त्या दिवशी ती नोंदवली नव्हती.

आता एआय म्हणजे दुकानात नेमकं काय, ते सांगतो. बातम्यांमध्ये यंत्रमानव आणि गप्पा मारणारे चॅटबॉट दिसतात, पण किरकोळ व्यापारात या तंत्राने सगळ्यात जास्त उपयोगाचं काम केलं आहे ते अंदाजाचं. कुठला माल, किती, कधी लागेल. दुकानदार हे रोज करतोच. व्यापाऱ्याचा फोन आला की तो एका क्षणात "दोन कट्टे टाका" म्हणतो. त्या एका क्षणात त्याच्या डोक्यात मागचा आठवडा, तोंडावर आलेला सण, पगाराची तारीख, आभाळाचा रंग, शेजारच्या दुकानातला भाव असं सगळं येऊन जातं. तीस वस्तूंसाठी हे जमतं. तीन हजार वस्तूंसाठी, रोज, एकाही माणसाला जमत नाही. यंत्राची गरज तिथे लागते.

यंत्र शिकतं कसं, हे समजायला फार अवघड नाही. साबुदाण्याचंच घेऊ. समजा रोजची सरासरी विक्री ४ किलो आहे. यंत्राचा पहिला अंदाज अगदी भाबडा असतो: रोज ४ किलो. मग ते आपल्या चुका मोजतं. साध्या दिवशी ३ किलोच खपला, म्हणजे एक किलो जास्त सांगितला. एकादशीच्या आदल्या दिवशी १२ किलो खपला, म्हणजे आठ किलो कमी सांगितला. आता त्याच्या जोडीला दुसरा एक छोटा अंदाज करणारा येतो. त्याचं काम फक्त पहिल्याच्या चुका समजून घेणं. तो एकच प्रश्न विचारतो: उद्या एकादशी आहे का? असेल तर थोडे किलो वाढव, नसेल तर थोडे कमी कर. तरीही आषाढीला मोठी चूक उरतेच. मग तिसरा विचारतो: उद्याची एकादशी आषाढी-कार्तिकीची आहे की साधी? चौथा विचारतो, श्रावण चालू आहे का? पाचवा विचारतो, भाव वाढलाय का? असे शेकडो छोटे अंदाज करणारे एकामागे एक उभे राहतात आणि प्रत्येक जण आधीच्यांची राहिलेली चूक थोडी थोडी भरून काढतो. दुकानांच्या मालाच्या अंदाजासाठी आज जी तंत्रं सर्वाधिक वापरली जातात, त्यांतल्या एका मोठ्या घराण्याचं काम असंच चालतं.

हे वाचताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. "उद्या एकादशी आहे का" हा प्रश्न यंत्र तेव्हाच विचारू शकतं, जेव्हा त्याच्या तक्त्यात एकादशीचा रकाना असतो. तो रकाना नसेल तर त्याच्यासाठी एकादशी नावाची गोष्टच जगात नाही.

फलटणच्या सॉफ्टवेअरमध्ये तो नव्हता. त्यात होती इंग्रजी तारीख, वार आणि महिना. आता आषाढी एकादशीच्या तारखा बघा. २०२३ मध्ये ती २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला आणि २०२६ मध्ये २५ जुलैला. एका वर्षी अकरा दिवस मागे, पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला म्हणून एकोणीस दिवस पुढे. जे यंत्र इंग्रजी तारखेवर शिकलं, त्याला वाटणार की साबुदाण्याची गर्दी जुलैच्या पहिल्या किंवा तिसऱ्या आठवड्यात कधीतरी आपोआप होते. ते एका वर्षी आधीच माल भरून ठेवेल, दुसऱ्या वर्षी सण होऊन गेल्यावर. गणपतीचंही तसंच: २०२५ मध्ये २७ ऑगस्ट, २०२६ मध्ये १४ सप्टेंबर. मोदकाचं पीठ, गूळ, खोबरं, कापूर, वाती या सगळ्यांची मागणी तिथीच्या मागे धावते. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये हे सगळं छापलेलं असतं. ते संगणकात नेऊन भरायचं काम एका दुपारचं आहे.

फलटणला आणखी एक गोष्ट आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला मुक्कामी येते आणि पुढे बरड, नातेपुते, माळशिरसकडे जाते. पालखीच्या मुक्कामाला गावात लाखो पावलं येतात. त्या दिवसांत दुकानात खपतं ते चहा पावडर, साखर, बिस्किटं, पोहे, पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद, दुखण्यावरचा बाम. साबुदाण्याची गर्दी त्यानंतर काही दिवसांनी येते, आणि ती गावातल्या घरांची असते. म्हणजे एकाच सणाच्या दोन लाटा, दोन वेगळ्या मालांच्या. हे पुण्यात किंवा बंगळुरूत बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नाही. काउंटरवरच्या ताईंना मात्र ते लहानपणापासून ठाऊक आहे. पालखीचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं, त्यामुळे तोही एक रकाना करता येतो.

ही अडचण फक्त आपलीच आहे असं समजू नका. २०२० मध्ये अंदाजशास्त्राची एक मोठी स्पर्धा झाली, एम-५ नावाची. तिच्यासाठी वॉलमार्टने अमेरिकेतल्या तीन राज्यांतल्या दहा दुकानांची, ३,०४९ वस्तूंची रोजची विक्री खुली करून दिली होती. त्या माहितीसोबत सणावारांचा वेगळा तक्ता दिला होता, ईस्टरपासून रमजानपर्यंत. शिवाय गरीब कुटुंबांना सरकारी अन्नमदत कोणत्या दिवशी वापरता येते, त्या दिवसांचा रकाना होता. कारण त्या दिवसांत दुकानातली खरेदी बदलते. तिथली ती एकादशीच म्हणायची. इतक्या मोठ्या कंपनीलाही हे यंत्रावर सोडून चाललं नाही. रकाना माणसांनी करून दिला.

त्या स्पर्धेतली दुसरी गोष्ट मी भेटेल त्या दुकानदाराला सांगतो. अचूक अंदाजाच्या गटात साडेपाच हजार संघ उतरले होते. जिंकला तो दक्षिण कोरियातला एक विद्यार्थी, आणि त्याने वापरलेलं तंत्र वर सांगितलेल्या घराण्यातलंच होतं. पण संयोजकांनी तुलनेसाठी काही जुन्या, साध्या पद्धतीही ठेवल्या होत्या. त्यांतली सर्वांत चांगली पद्धत म्हणजे अलीकडच्या विक्रीला जास्त वजन आणि जुन्या विक्रीला कमी वजन देऊन काढलेली सरासरी. साडेपाच हजारांपैकी जेमतेम साडेसात टक्के संघांना तिच्या पुढे जाता आलं. बाकीच्यांची नवी तंत्रं त्या साध्या सरासरीच्या मागेच राहिली.

म्हणून कोणी तुमच्याकडे एआयचं सॉफ्टवेअर घेऊन आलं, तर एवढंच मागा: आधी तीन महिने तीन आकडे शेजारी शेजारी दाखवा. एक तुमच्या यंत्राचा, एक मालकांच्या मनातला, आणि एक "गेल्या आठवड्याइतकाच" हा भाबडा अंदाज. मग खरी विक्री किती झाली ते बघू. यंत्र जर गेल्या आठवड्याच्या आकड्यालाही हरवत नसेल, तर त्याला महिन्याचे पैसे कशासाठी द्यायचे? हा प्रश्न विचारायला संगणकाचं शिक्षण लागत नाही आणि तो विचारण्यात संकोच वाटायचंही कारण नाही.

आता नोंदींकडे येतो. माझ्या मते दुकानातलं एआय फसतं ते इथेच.

निकोल डिहोरेशियस आणि अनंत रामन या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या साखळीच्या ३७ दुकानांमधल्या जवळपास ३,७०,००० नोंदी तपासल्या. संगणकातला साठा आणि फळीवरचा प्रत्यक्ष साठा यांची तुलना केली. ६५ टक्के नोंदी चुकीच्या निघाल्या. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ही बारकोड असलेली, शिस्तीत चालणारी दुकानं होती.

चूक होते कशी, ते कोणत्याही काउंटरवर पाच मिनिटं उभं राहिलं की दिसतं. गिऱ्हाइकाने एकाच कंपनीचे, एकाच किमतीचे दहा बिस्किटपुडे घेतले, चार चवींचे. रांग लांबलेली. बिल करणारा मुलगा एकच पुडा उचलतो, स्कॅन करतो आणि नग १० टाकतो. पैसे बरोबर, गिऱ्हाईक खूश, रांग पुढे सरकली. पण संगणकात ऑरेंज क्रीमचे दहा पुडे कमी झाले आणि चॉकलेटचा एकही नाही. महिनाभर असं झालं की संगणक म्हणतो चॉकलेटचे चाळीस आहेत, फळीवर एकही नसतो. यंत्र त्या चाळिसांवर विसंबून ऑर्डर टाकतच नाही. फळी रिकामी, विक्री शून्य. आणि विक्री शून्य दिसली की यंत्र शिकतं, चॉकलेट इथे खपत नाही.

फलटणच्या दुकानात साबुदाण्याची चार नावं होती. "साबुदाणा सुटा", "साबू ५००", "सा.दाणा अर्धा" आणि घाईच्या वेळी वापरायचा सगळ्यांचा मामा, "किराणा सुटा". माणसाला हे एकच. यंत्राला या चार वेगळ्या वस्तू, प्रत्येकीची विक्री तुटपुंजी, कुठलाच नियम दिसत नाही. आम्ही दोन दिवस बसून सगळ्या वस्तूंच्या नावांची यादी नीट केली. खरं सांगायचं तर हे काम कंटाळवाणं आहे, आणि विकणारा माणूस याबद्दल कधीच बोलत नाही. यात गप्पा मारणारं एआय मदतीला येतं, हेही सांगायला हवं. तीन हजार नावांची यादी त्याला दिली की एकसारखी वाटणारी नावं ते गटागटाने मांडून देतं. मात्र शेवटचा होकार माणसाचा ठेवा. आमच्या यादीत त्याने वरई आणि वरईचं पीठ एकत्र केलं होतं.

नोंदींच्या घोळाने किती मोठं दुकान खाली येऊ शकतं, याचं उदाहरण कॅनडात आहे. टार्गेट या अमेरिकी कंपनीने २०१३ मध्ये तिथे दुकानं उघडायला सुरुवात केली. घाईघाईत नवी संगणकप्रणाली भरली गेली. वस्तूंची मापं चुकली, इंच आणि सेंटिमीटरची गल्लत झाली, लांबीच्या जागी रुंदी पडली. गोदामं मालाने भरलेली आणि दुकानांच्या फळ्या रिकाम्या, अशी अवस्था झाली. इतरही चुका होत्या, जागा आणि भाव यांच्या. पण दोन वर्षांच्या आत, जानेवारी २०१५ मध्ये, १३३ दुकानं बंद करण्याची घोषणा झाली आणि सुमारे १७,६०० लोकांची कामं गेली. ही एआयची गोष्ट नाही, नोंदींची आहे. पण एआय ज्या पायावर उभं राहतं तो पाया हाच.

समजा नोंदी सुधारल्या, रकाने भरले, अंदाज चांगला येऊ लागला. तरी काम संपत नाही, कारण अंदाज म्हणजे ऑर्डर नाही. हा फरक मी जरा सावकाश सांगतो.

यंत्र म्हणालं, पाडव्याला श्रीखंडाचे १०० डबे खपतील. मग शंभर मागवायचे का? डबा ९० रुपयांना पडतो, ११० ला जातो, आणि उरलेला माल कंपनी परत घेत नाही असं धरू. एक डबा विकला तर २० रुपये मिळतात. उरून मुदत संपली तर ९० जातात. म्हणजे शेवटचा डबा मागवावा की नाही? ११० पैकी ९०, म्हणजे सुमारे ८२ टक्के खात्री असेल, तरच. शंभर हा मधला अंदाज असतो. शंभरावा डबा खपण्याची खात्री साधारण निम्मीच असते. तेव्हा शहाणा दुकानदार ऐंशी-पंच्याऐंशीवर थांबेल.

आता साबुदाणा. किलोमागे ६ रुपये सुटतात. उरला तर तो खराब होत नाही, पुढच्या एकादशीला जातो. पैसे अडकले आणि जागा गेली त्याचा किलोमागे १ रुपया धरा. इथे सातपैकी एक, म्हणजे १४ टक्के शक्यता असली तरी तो किलो मागवणं फायद्याचं. म्हणून साबुदाणा अंदाजापेक्षा भरपूर जास्त भरायचा.

अंदाज एकच यंत्राने दिलेला, पण एका मालाला हात आखडता आणि दुसऱ्याला सैल. जुन्या दुकानदारांना हे गणित न मांडताही कळतं. पण सॉफ्टवेअरला प्रत्येक वस्तूची मुदत, परतीची अट आणि नफा सांगितला नसेल, तर ते दोन्हींना एकाच मापाने मोजतं. घेण्याआधी विचारून बघा की या तीन गोष्टी भरायला जागा आहे का.

शिवाय आषाढी वर्षातून एकदाच येते. दोन वर्षांच्या नोंदी म्हणजे दोन आषाढ्या. दोन उदाहरणांवरून यंत्र काय शिकणार? मालकांकडे तीस आषाढ्यांची आठवण आहे. मोठ्या कंपन्यांची हजारो दुकानं असल्यामुळे त्या एकाच घटनेकडून हजार धडे घेऊ शकतात. २००४ मध्ये फ्लोरिडाकडे फ्रान्सिस नावाचं चक्रीवादळ येत होतं. वॉलमार्टने काही आठवडे आधीच्या चार्ली वादळाच्या नोंदी चाळल्या. टॉर्च-बॅटऱ्या खपतात हे ठाऊकच होतं. नवीन कळलं ते असं की स्ट्रॉबेरी पॉप-टार्ट्स, म्हणजे चूल न पेटवता खाता येणारा गोड खाऊ, नेहमीच्या सातपट खपला होता. त्याचे ट्रक भरून पाठवले गेले. छोट्या दुकानाकडे नोंदींचा असा साठा नसतो, म्हणून तिथे माणसाची आठवण यंत्रात मुद्दाम उतरवावी लागते. आणि जेव्हा भूतकाळाशी नातंच तुटतं, जसं मार्च २०२० च्या टाळेबंदीत तुटलं, तेव्हा यंत्र बाजूला ठेवून माणसानेच ठरवायचं.

यासाठी आम्ही फलटणला दोन गोष्टी केल्या. पहिली, यंत्राने सुचवलेला आकडा बदलायची पूर्ण मुभा, पण बदलताना कारण लिहायचं. "पालखी", "लग्नसराई", "शेजारचं दुकान बंद", दोन शब्द पुरेत. महिन्याच्या शेवटी बघायचं की कुठे माणूस जवळ होता आणि कुठे यंत्र. रोजच्या दूध-ब्रेड-अंड्यांत यंत्र बहुतेक वेळा जवळ निघालं. सणावारात ताई. मग त्याप्रमाणे कामं वाटून घेतली. मालकांना सुरुवातीला वाटत होतं की ताई नव्या यंत्राला विरोध करतात. त्या विरोध करत नव्हत्या. त्यांना जे माहीत होतं ते सांगायला जागाच ठेवली नव्हती.

दुसरी गोष्ट, काउंटरखाली एक दोनशे पानी वही. गिऱ्हाइकाने मागितलेलं आणि आपल्याकडे नसलेलं जे काही असेल ते त्यात लिहायचं. तिचं नाव आपोआप "नाही-वही" पडलं.

बाकीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात, कारण तिथे मी सावध राहायला सांगतो.

कॅमेऱ्याने चोर ओळखणारी यंत्रणा घेऊन येणारे बरेच आहेत. अमेरिकेत राइट एड या औषधदुकानांच्या साखळीने चेहरे ओळखणारी यंत्रणा वापरली. तिने निरपराध गिऱ्हाइकांना चोर ठरवलं. कर्मचारी त्यांच्या मागे फिरले, त्यांना बाहेर काढलं. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने कंपनीला पाच वर्षं ही यंत्रणा वापरायला बंदी केली. आपल्या गावात एका खोट्या आळाने चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक तुटतं. साठा आणि हिशेब नीट ठेवून गळती कुठे आहे ते शोधा, चेहऱ्यांच्या मागे लागू नका.

गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या चॅटबॉटचंही तसंच. २०२३ मध्ये न्यूझीलंडच्या पॅकन्सेव्ह या सुपरमार्केटने घरात असलेल्या वस्तूंवरून पाककृती सुचवणारा बॉट काढला. लोकांनी साफसफाईची रसायनं टाकून पाहिली, तर त्याने विषारी क्लोरीन वायू तयार करणारं मिश्रण पेय म्हणून सुचवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली यादी वाचून बिलाचा कच्चा मसुदा करायला, व्यापाऱ्याच्या बिलाच्या फोटोवरून खरेदी भरायला हे तंत्र चांगलं आहे. पण बेरीज जुळते का हे माणसाने बघायचं, आणि गिऱ्हाइकाला थेट उत्तर द्यायचं काम त्याच्यावर सोडायचं नाही.

गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर घेताना विचारून घ्या. नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही, असा आग्रह दुकानांनी धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच कळवलं आहे. त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. नंबर कशासाठी घेतोय ते सांगावं आणि त्याच कामाला वापरावा.

आणि ज्यांचं दुकान लहान आहे, दोन-अडीचशे वस्तू, स्वतः गल्ल्यावर बसतात, त्यांना मी अंदाजाचं सॉफ्टवेअर घेऊ नका असंच सांगतो. तुमच्या डोक्यात जे आहे त्याहून ते चांगलं चालणार नाही. ते पैसे उधारी वसूल करायला आणि फळ्या वाढवायला वापरा. वस्तू हजाराच्या वर गेल्या, दुसरं दुकान निघालं, किंवा तुम्ही नसताना ऑर्डर चुकायला लागली, की मग विचार करा. तोपर्यंत वस्तूंची नावं एकसारखी ठेवायची सवय लावली तर ती पुढे कामाला येते.

सुरुवात करायची तर एका कपाटापासून करा. आम्ही उपवासाच्या पदार्थांपासून केली: साबुदाणा, वरई, राजगिरा, शेंगदाणे, शिंगाड्याचं पीठ. अकरा वस्तू. त्यांची मोजणी दर सोमवारी हाताने, बाकीच्या दुकानाला हात नाही लावला. कार्तिकीला पहिल्यांदा तिथीचा रकाना असलेला अंदाज आला. साबुदाणा रात्री दुकान बंद करताना सात किलो उरला होता. मालकांनी तो स्वतः तोलून बघितला.

त्याच रात्री ताईंनी नाही-वही उघडली. आठवडाभरातल्या नोंदींमध्ये एक नाव पुन्हा पुन्हा येत होतं: उपवासाची भाजणी. नऊ वेळा. ती या दुकानात कधी ठेवलीच नव्हती, त्यामुळे तिची एकही विक्री नव्हती, आणि कुठलंही यंत्र ती सुचवू शकलं नसतं. मालकांनी दुसऱ्या दिवशी जवळच्या बचत गटाला फोन करून दहा किलो सांगितली. सॉफ्टवेअरमध्ये नवी ओळ ताईंनीच भरली. नाव एकच ठेवलं: "उपवासाची भाजणी ५०० ग्रॅम".